शेळीची आडवी बाहुली, गाईचा आळशी कान

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात बोकड घेणारा माणूस आधी पाठीवर हात दाबून बघतो, मग ओठ वर करून दात मोजतो. दोन दाती, चार दाती असा हिशोब लागला की भावाची ओढाताण सुरू होते. डोळ्यांकडे फारसं कुणी बघत नाही. पाणी येतंय का, चिपडं आहेत का, एवढं पाहिलं की झालं. मी मात्र परवा एका शेळीच्या डोळ्यात इतका वेळ बघत उभा राहिलो की मालकाला शंका आली.

"काय बघायलाव सर एवढं?"

"मामा, हिची बाहुली आडवी आहे."

"सगळ्याच शेरडांची आडवी असती की. मेंढराची बी तशीच. त्यात काय नवीन?"

मामांचा जन्म शेरडांमागं गेला, त्यांना त्यात नवीन काय वाटणार! पण शेळीची बाहुली आडवी, मांजराची उभी आणि आपली गोल का, हे एकदा समजून घ्यायला लागलं की गाडी डोळ्यावर थांबत नाही, कानापर्यंत जाते. प्रत्येक जनावराचे डोळे आणि कान एकमेकांच्या हिशोबाने घडलेले आहेत. डोळा कुठे कमी पडतो हे कळलं, तर कान असा का हे कळतं. आणि आमच्या सोलापूरकडे हे समजून घेणं सोपं जातं, कारण इथला माळ सपाट आहे आणि क्षितिज सगळीकडून दिसतं.

आधी बाहुली. तो काळा ठिपका दिसतो तो खरं तर ठिपका नाही, भोक आहे. आत अंधार असतो म्हणून काळं दिसतं. त्या भोकातून उजेड आत जातो, मागच्या भिंगातून वळतो आणि डोळ्याच्या तळाशी पसरलेल्या दृष्टिपटलावर चित्र उमटतं. उजेड जास्त झाला की भोक आवळायचं, कमी झाला की सैल सोडायचं. आपलं भोक गोल राहूनच लहानमोठं होतं. शेळीचं आवळलं की आडवी फट उरते, पेटीला पैसे टाकायला असते तशी.

आडव्या फटीचे फायदे दोन. शेळीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे आडव्या फटीतून पुढचा आणि मागचा, म्हणजे जमिनीलगतचा उजेड भरपूर आत येतो. लांडगा यायचा तो तिथूनच येणार. उलट डोक्यावरून येणाऱ्या उन्हाला ही फट अडवते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या घरात असताना मोहोळ-मंगळवेढ्याच्या माळावर चरणाऱ्या जनावराला ही सोय किती मोलाची, ते दुपारी बिनटोपीचं उभं राहिलं की समजतं. दुसरा फायदा चित्राच्या रेखीवपणाचा. आडव्या फटीमुळे जमिनीच्या पट्ट्यातल्या गोष्टी, पुढच्याही आणि मागच्याही, जास्त स्पष्ट उमटतात. पळून जायचं तर वाटेतला दगड दिसायला हवा ना.

पण इथे एक अडचण येते. शेळी दिवसातले कित्येक तास मान खाली घालून चरते. मान खाली गेली की डोकं कलतं, आणि डोक्याबरोबर फटही उभी व्हायला हवी. मग सगळा फायदा गेला. प्रत्यक्षात तसं होत नाही. मान खाली जाते तसा डोळा खोबणीत उलट बाजूला फिरतो आणि फट पुन्हा जमिनीला समांतर येते. हे फिरणं ५० अंशांपर्यंत असू शकतं. आपला डोळा असा फार तर चार-पाच अंश फिरतो. मी मामांना म्हटलं, हातात पाला धरून खाली न्या बरं. त्यांनी नेला, शेळीने मान घातली, आणि आम्ही दोघेही गुडघ्यावर बसून बघत राहिलो. फट आडवीच. मामा म्हणाले, "आयला, खरंच की." एवढ्या वर्षांत त्यांनी ते हजार वेळा पाहिलं असणार.

या आडव्या-उभ्या बाहुल्यांचा मोठा हिशोब अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या मार्टिन बँक्स यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडला, २०१५ साली. त्यांनी जमिनीवरच्या २१४ प्राण्यांच्या बाहुल्या आणि त्यांची राहणी ताडून पाहिली. बाजूला डोळे असलेले, चरणारे प्राणी बहुतेक आडव्या बाहुलीचे निघाले. दबा धरून झडप घालणारे, डोळे समोर असलेले जे प्राणी होते त्यांत ६५ पैकी ४४ उभ्या बाहुलीचे. त्यातही गंमत अशी की या ४४ पैकी ३६ जणांची खांद्याजवळची उंची ४२ सेंटिमीटरच्या आत होती. मांजराची बाहुली उभी आणि वाघाची गोल, त्याचं कारण इथे सापडतं. बुटक्या शिकाऱ्याला जमिनीलगत बसून अंतर मापायचं असतं, चुकलं तर उंदीर गेला. उभ्या फटीमुळे उभ्या कडा स्पष्ट दिसतात आणि पुढची-मागची जमीन धूसर होते. स्पष्ट किती आणि धूसर किती, यावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. उंच प्राण्याला हा हिशोब तितका उपयोगी पडत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावर हा धडा दोन प्राण्यांत मिळतो. खोकड बुटकं, उंदीर-टोळांवर झेप घेणारं, त्याची बाहुली उभी. त्याच माळावरचा लांडगा उंच, पाठलाग करून दमवणारा, त्याची बाहुली गोल. दोघे कुत्र्याच्याच कुळातले. आता नियम सांगून झाला म्हणेपर्यंत मुंगूस बांधावरून आडवं जातं. पक्कं शिकारी, बुटकं, आणि बाहुली मात्र शेळीसारखी आडवी! निसर्गात नियम सांगताना आवाज जरा खालीच ठेवावा.

भोकातून आत गेलं की दृष्टिपटल लागतं. त्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. दंडपेशी मंद उजेडात काम करतात पण रंग ओळखत नाहीत. शंकूपेशी रंग आणि बारकावा पाहतात पण त्यांना उजेड लागतो. माणसाच्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. आपल्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, गाईबैलांच्या दोनच. निळा त्यांना कळतो, पिवळसर-हिरवा कळतो. लाल मात्र वेगळा रंग म्हणून दिसत नाही, मळकट-काळसर होऊन जातो. म्हणजे लाल कापड पाहून बैल बिथरतो ही गोष्ट बैलाच्या बाजूने तरी खरी नाही. तो बिथरतो कापडाच्या फडफडण्यावर. कारहुणवीला, म्हणजे इकडच्या बैलांच्या सणाला, आपण खिलाराच्या शिंगांना लावतो ते रंग, पाठीवरची ती झगझगीत लाल झूल, हे सगळं आपल्याच डोळ्यांचं कौतुक आहे. बैलाला काही त्याचं सोयरसुतक नाही.

दृष्टिपटलावर या पेशी कशा पेरल्या आहेत, ते महत्त्वाचं. आपल्यात शंकूपेशी मधोमध एका इवल्याशा खळग्यात दाटीने बसलेल्या आहेत. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा: लख्ख दिसतो तो तेवढाच भाग, बाकीचं जग आपण अंदाजाने पाहतो. म्हणून तर आपले डोळे सतत भिरभिरत असतात. ओळ वाचताना नजर टप्पे घेत पुढे जाते, कारण एका टप्प्यात दोन-तीन शब्दांपलीकडे नीट दिसतच नाही. गाई-म्हशी-शेळ्यांमध्ये मात्र ही दाटी खळग्यात नसून एका लांब आडव्या पट्टीत आहे. ही पट्टी क्षितिजाला जुळते. डोळा न हलवता, मान न वळवता या टोकापासून त्या टोकापर्यंतचं क्षितिज बऱ्यापैकी दिसतं. आपल्याला नखाएवढं फार छान दिसतं, तिला अख्खा माळ बरा दिसतो.

दोन्ही डोळे मिळून गाईला सुमारे ३३० अंशांचं दिसतं. राहिलं शेपटीमागचं ३० अंशांचं आंधळं पाचर. आपल्याकडे लहानपणापासून सांगतात, जनावराच्या मागनं जाऊ नको, लाथ मारील. मारते ती रागाने नव्हे. न दिसणारं काहीतरी अचानक पायाशी आलं म्हणून. गोठ्यात मागून जाताना जुने लोक "हो हो, सरक" असं काहीतरी पुटपुटत जातात. जिथे तिचा डोळा पोचत नाही, तिथे ते तिच्या कानाला कळवतात. तेलाच्या घाण्याच्या बैलाला झापड बांधतात तीही याच ३३० अंशांमुळे. गोल फिरताना मालकाचा पत्ता नाही, चाबूक टेकवून ठेवलाय, हे त्याला मान न वळवता दिसतं.

एवढं रुंद दिसण्याची किंमत खोलीत मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसतो तो समोरचा पट्टा अरुंद, आणि अंतराचा नेमका अंदाज त्या पट्ट्यातच येतो. म्हणून रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणाशी, डांबरावर पडलेल्या झाडाच्या सावलीशी बैल थबकतो. काळा पट्टा म्हणजे खड्डा की सावली, हे त्याला उभ्या मानेने ठरवता येत नाही. मान खाली घालून, नीट समोर धरून बघावं लागतं. अशा वेळी गाडीवान चाबूक ओढतो आणि मला राग येतो. कासरा ढिला सोडून त्याला बघू द्यावं, तो आपणहून पाऊल टाकतो.

रात्री याच डोळ्यांचं दुसरं रूप. बार्शीहून सोलापूरकडे येताना रस्त्याकडेला मेंढरांची वाघर लागलेली असली, तर गाडीच्या उजेडात जाळीमागे शे-दोनशे हिरवट-निळे दिवे पेटतात. राखणीचं कुत्रं उठतं, त्याचेही दोन दिवे. शेकोटीशी बसलेला धनगर आपल्याकडेच बघत असतो, पण त्याचे डोळे चमकत नाहीत.

दृष्टिपटलातून उजेड आरपार जातो तेव्हा सगळाच टिपला जात नाही, काही निसटतो. आपल्या डोळ्यात त्याच्या मागे काळा थर आहे, निसटलेला उजेड तिथे जिरतो. मेंढी, गाय, कुत्रा, मांजर यांच्यात तिथे आरसा आहे. उजेड त्यावर आपटून पुन्हा दृष्टिपटलातून परत येतो. पहिल्या खेपेला निसटलेलं दुसऱ्या खेपेला टिपता येतं. त्यातूनही जो उरतो तो बाहुलीतून बाहेर पडतो आणि आपल्याला दिवा दिसतो. हा आरसा सगळीकडे एकाच मालाचा नाही. गाय-मेंढीत तो बारीक तंतूंच्या थरांचा आहे, कुत्र्या-मांजरात चकचकीत कणांनी भरलेल्या पेशींचा. दोन कुळांनी आपापल्या वाटेने एकच युक्ती काढली. तोटा इतकाच की परतीचा उजेड किंचित पसरतो आणि चित्र जरासं पुसट होतं. माणूस, माकड आणि डुक्कर यांच्यात आरसा नाही. त्यामुळे रात्री गाडी चालवताना रस्त्यातल्या डुकराचे डोळे चमकतील म्हणून वाट बघू नका.

आता कानाकडे.

बाहेर दिसतो तो कानाचा पाळा म्हणजे फक्त नरसाळं. आवाज गोळा करून तो नळीतून पडद्यापर्यंत पोचवतो. मांजराच्या एकेका पाळ्याला तीसेक स्नायू आहेत, म्हणून ते झोपेतही कान स्वतंत्रपणे फिरवतं. आपण फिरवू शकत नाही. कुणी एखादा जमवतो आणि वर्गात भाव खाऊन जातो.

पडद्याच्या मागे तीन हाडं आहेत, हातोडी, ऐरण आणि रिकीब, शरीरातली सगळ्यात छोटी. त्यांची गरज का पडली? आवाज हवेतून येतो आणि ऐकण्याचं खरं यंत्र, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला कर्णशंख, पाण्यासारख्या द्रवाने भरलेला आहे. हवेतला आवाज पाण्यावर आपटला तर जवळजवळ सगळा परत फिरतो. हजारातला एखादा हिस्सा आत शिरतो. सिद्धेश्वर तलावात डोकं बुडवून काठावरच्या मित्राचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करा, म्हणजे कळेल. ही तीन हाडं मोठ्या पडद्यावरचा दाब एका चिमुकल्या खिडकीवर एकवटतात. पडदा त्या खिडकीच्या सतरा-अठरा पट मोठा, वर हाडांची थोडी तरफ. अशा रीतीने दाब वीस पटींच्या वर वाढतो आणि आवाज आत घुसतो. टाचेच्या चपलेने मऊ मातीत खळगा पडतो, सपाट चपलेने पडत नाही, तेच तंत्र.

या तीन हाडांपैकी दोन आपल्या पूर्वजांच्या जबड्यातली आहेत. हातोडी आणि ऐरण सरपटणाऱ्या प्राण्यांत अजून जबड्याच्या सांध्यात काम करतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ राइशर्ट यांनी १८३७ साली गर्भाची वाढ पाहून हा धागा पकडला. पक्षी, पाली, सरडे आजही कानात एकाच हाडावर भागवतात. पालीचं तर अजून मजेशीर आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांच्या मधली जागा तोंडातून जोडलेली आहे. योग्य कोनातून उजेड धरला तर तो एका कानातून शिरतो आणि दुसऱ्या कानातून बाहेर पडतो. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं म्हणतात ते पालीच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे, आणि तिला ते फायद्याचंही आहे: दोन्हीकडचा आवाज आतून एकमेकांत मिसळतो, त्यामुळे एवढ्याशा डोक्यालाही आवाज कुठल्या बाजूचा ते कळतं.

सापाला बाहेरून कान नाही, पडदाही नाही. पण त्याच्या कानाचं एकुलतं हाड जबड्याच्या हाडाला टेकलेलं आहे. जबडा जमिनीवर, म्हणजे कान जमिनीवर. पावलांची थरथर त्याला थेट कळते. हवेतला आवाजही खालच्या पट्टीतला असेल तर तो ऐकतो, त्यामुळे सापाला 'बहिरा' म्हणणं चूक. पुंगीपुढे नाग डोलतो तो मात्र सुरांवर नव्हे. समोर हलणाऱ्या वस्तूवरून तो नजर काढत नाही, एवढंच. आणि कान डोक्यातच असावा असाही काही कायदा नाही. टोळाचा कान पोटाच्या पहिल्या वळीवर असतो, रातकिड्याचा पुढच्या पायावर गुडघ्याच्या खाली.

कर्णशंखाच्या आत केसासारखे तुरे असलेल्या पेशींची रांग आहे, माणसात एका कानात सुमारे १५ हजार. डोळ्यातल्या कोटीच्या आकड्यांपुढे ही संख्या किती तुटपुंजी! द्रव हलला की तुरे वाकतात आणि पेशी मेंदूला खबर देते. तीक्ष्ण आवाज शंखाच्या तोंडाशी, जाड आवाज आतल्या टोकाशी. आमच्या गल्लीतले एक काका तीस वर्षं यंत्रमागावर होते. धोट्याची ती खटाखट सोलापूरच्या पूर्व भागातून दुपारी चालत गेलात तर भिंतीबाहेरही ऐकू येते. आत उभं राहिलं तर शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. काका आता घरातही ओरडूनच बोलतात. त्यांना टीव्ही ऐकू येतो, पण काकू काय म्हणाल्या ते निम्मंच कळतं. काकूंना हे ढोंग वाटतं. ढोंग नाही ते. गोंगाटाने आधी शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी मरतात, म्हणजे तीक्ष्ण आवाजांच्या. 'स', 'श', 'फ', 'थ' हे हवेचे आवाज गळतात आणि शब्द अर्धे होतात. आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

कोंबडीत उगवते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांनी कोंबडीच्या पिल्लांना मोठा आवाज ऐकवला, पेशी मेल्या, आणि काही आठवड्यांत त्या जागी नव्या दिसल्या. तोवर सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की हे होतच नाही. सस्तन प्राण्यांनी ही कला कुठे गमावली आणि ती परत आणता येईल का, यावर तेव्हापासून काम चाललं आहे. कारखान्याच्या दाराशी दाणे टिपणारी कोंबडी काकांपेक्षा नशीबवान म्हणायची.

कुणाला किती ऐकू येतं? माणसाला सेकंदाला २० पासून २० हजार कंपनांपर्यंत. गाय २३ पासून ३५ हजारांपर्यंत ऐकते, कुत्रा ४५ हजारांपर्यंत, मांजर तर ८० हजारांच्या आसपास. उंदराची पिल्लं आईला हाका मारतात त्या आपल्याला ऐकूच येत नाहीत. मांजराला त्या जेवणाच्या घंटेसारख्या. गाईचा कान सुमारे ८ हजारांवर सगळ्यात तल्लख आहे, आपल्यापेक्षा बराच वरच्या पट्टीत. साखळीची खणखण, पत्र्याचा कर्कश आवाज तिला आपल्याहून जास्त बोचतो. बाजारात टेम्पोचं फाळकं धाडकन पाडून मग जनावर चढत नाही म्हणून बोंब मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

इतक्या वरच्या पट्टीतलं ऐकून करायचं काय? बरंचसं उत्तर 'आवाज कुठून आला' या प्रश्नात आहे. मेंदू दोन गोष्टी ताडतो. आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला आधी पोचतो. माणसाच्या डोक्याच्या रुंदीला हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. आणि डोक्याच्या आडोशामुळे डाव्या कानाला तो जरा हळू ऐकू येतो. लहान डोक्याला वेळेचा फरक फारच थोडा मिळतो, आणि जाड आवाज त्या डोक्याला वळसा घालून निघून जातो, आडोसा पडतच नाही. आडोसा हवा तर आवाज तीक्ष्ण हवा. म्हणून उंदीर-मांजरांसारख्या लहान डोक्याच्यांना तीक्ष्ण ऐकावंच लागतं.

या हिशोबाने ज्याचं डोकं मोठं त्याला दिशा चांगली कळायला हवी. गाय-घोडा तर मग माणसाच्या वरताण हवेत. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात हेन्री आणि रिकी हेफनर या दोघांनी कितीतरी प्राण्यांची श्रवणशक्ती मोजली. माणसाला दोन आवाजांतला एका अंशाचा फरक कळतो. मांजराला पाच-सहा अंशांचा, कुत्र्याला आठेक. आणि गाईला सुमारे ३० अंश! घड्याळाच्या तबकडीवर बाराच्या आकड्यापासून एकच्या आकड्यापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या आत कुठेही आवाज झाला तरी तिला ते एकच. एवढं मोठं डोकं, एवढे मोठे हलते कान, आणि दिशेच्या बाबतीत असा आळस.

हेफनरांना याचं उत्तर कानात सापडलं नाही, डोळ्यात सापडलं. ज्या प्राण्यांचं लख्ख दिसण्याचं क्षेत्र अरुंद, त्यांचा कान दिशेला पक्का. ज्यांचं रुंद, त्यांचा ढिला. माणसाला नखाएवढंच नीट दिसतं, म्हणून मागे काही खुट्ट झालं तर ते नखाएवढं क्षेत्र नेमकं तिकडे रोखायला हवं. कानाने एक अंशाची चूक केली तरी नजर चुकते. गाईची पट्टी अख्खं क्षितिज धरून बसलेली. तिच्या कानाने 'साधारण त्या बाजूला' एवढं म्हटलं तरी पुरे, तिकडचा लांडगा पट्टीत कुठेतरी आधीच आहे. कानाचं एक मोठं काम डोळ्याला 'इकडे बघ' म्हणून सांगण्याचं आहे, आणि ज्या डोळ्याला सांगायची फार गरज नाही त्याच्या कानाने उगाच अचूक होऊन करायचं काय?

दुसऱ्या टोकाला गव्हाणी घुबड. जुन्या वाड्यांच्या कोनाड्यांत, ओस पडलेल्या इमारतींत ते राहतं. पांढऱ्या बदामासारखा चेहरा. त्याचे डोळे नळीसारखे लांब आणि हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले, त्यामुळे फिरत नाहीत. पर्याय म्हणून मानेत १४ मणके आणि मान २७० अंश फिरते. चेहऱ्याची ती पिसांची तबकडी हाच त्याचा कानाचा पाळा. तबकडीच्या कडेला पिसांखाली कानांची भोकं आहेत आणि ती समोरासमोर नाहीत. डावं जरा वर, त्याचं तोंड खालच्या बाजूला. उजवं जरा खाली, त्याचं तोंड वर. डावं-उजवं ते वेळेच्या फरकावरून ओळखतं आणि वर-खाली आवाजाच्या कमीजास्तीवरून. रॉजर पेन यांनी दाखवून दिलं की मिट्ट काळोखात, नुसत्या पाल्याच्या खसखशीवर हे घुबड उंदीर पकडतं. (हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगप्रसिद्ध झाले.) शृंगी घुबडाच्या डोक्यावर उभे 'कान' दिसतात ते मात्र निव्वळ पिसांचे तुरे, त्यांचा ऐकण्याशी संबंध नाही.

घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा एक नकाशा आहे आणि तो नजरेच्या नकाशावर नेमका बसवलेला आहे. स्टॅनफर्डच्या एरिक नुडसेन यांनी गव्हाणी घुबडांच्या पिल्लांना लोलकाचे चष्मे चढवले. जग एका बाजूला सरकलेलं दिसायला लागलं. काही आठवड्यांत पिल्लांच्या कानाचा नकाशाही तेवढाच सरकला. कान बरोबर ऐकत होता, डोळा चुकीचं दाखवत होता, तरी मेंदूने डोळ्याचं खरं धरलं आणि कानाला दुरुस्त केलं. कान डोळ्याला दिशा दाखवतो खरा, पण दिशा कुठली हे त्याला शिकवतो डोळाच.

आता ज्या पक्ष्यासाठी नान्नजचं नाव देशभर झालं त्या माळढोकाकडे. त्याच्यासाठीचं सोलापूर-नगर भागातलं अभयारण्य १९७९ सालचं. हा पक्षी मीटरभर उंच, उडणाऱ्या सगळ्यांत वजनदार पक्ष्यांपैकी एक, आणि आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही या माळावर उरलेला नाही. शिकार आणि माळराने जाणं ही कारणं आहेतच. पण देशात जिथे तो थोडाफार टिकून आहे त्या राजस्थानात त्याला विजेच्या तारा मारतात. विचारणाऱ्याला प्रश्न पडतो, एवढे मोठे डोळे असून समोरची तार दिसत कशी नाही?

माळढोकाचा आफ्रिकेतला सख्खा नातलग आहे, कोरी बस्टर्ड. ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रॅहम मार्टिन यांनी त्याच्या नजरेचं क्षेत्र मोजलं आणि २०१० साली ते प्रसिद्ध झालं. त्याचे डोळे बाजूला. समोर दोन्ही डोळ्यांना दिसणारा पट्टा अरुंद आणि उभा. डोक्याच्या वर चांगलाच मोठा आंधळा भाग. जमिनीवर चालताना ही रचना उत्तम. चोचीसमोरचा टोळ दिसतो, बाजूने येणारा लांडगा दिसतो, आणि डोक्यावरचं ऊन डोळ्यात जात नाही. शेळीच्या फटीने साधलेली सोय इथे भुवयांच्या हाडाने साधली आहे. पण उडताना हा पक्षी खालच्या जमिनीकडे बघत जातो, आणि डोकं २५ अंश खाली झुकलं की तो डोक्यावरचा आंधळा भाग पुढे येतो. ज्या दिशेने तो उडतोय नेमकी तीच दिशा त्याला दिसत नाही. लाखो वर्षं त्याचं काही बिघडलं नाही, कारण माळावर त्या उंचीला पुढे काही नसायचंच.

तारांवर चकचकीत चकत्या लावतात त्यामागचा विचार 'तार नीट दिसावी' असा आहे. मार्टिन यांनी वेगळा विचार मांडला: समोर बघतच नसलेल्या पक्ष्याला समोरची वस्तू किती ठळक केली तरी ती तितकीच न दिसणारी. त्याची नजर जिथे असते तिथे, म्हणजे तारांच्या अलीकडे जमिनीवर, त्याला खाली उतरायला किंवा वळायला लावील असं काहीतरी ठेवावं.